स्थळप्रत

मी नळपट्टीची बाई.
पंचवटीचे बाराशे थकबाकीदार मला तोंडपाठ.
त्या मार्चात मला दिलं बांबूचं फाटक
बोहोरपट्टीच्या तोंडाशी,
प्लास्टिकची एक खुर्ची
आणि पावतीपुस्तक, शंभर पानी, कार्बनसकट.

आत जायचे पाच रुपये.
आत राहायचं एक तास.
तासावर वेळ गेला की पाचशे.

आता हे सांगितलं की लोक हसतात.
तेव्हाही हसत असतील, पण मास्कच्या आत.
मला नुसते बारीक झालेले डोळे दिसायचे
आणि मी तो राग समजायचे.

नाणी स्टीलच्या डब्यात, सॅनिटायझरमध्ये बुडालेली.
संध्याकाळी मोजताना बोटांची सालं निघायची.
हवालदार कोठुळ्यांच्या गळ्यात शिट्टी होती,
पण वाजवायची तर मास्क काढावा लागतो,
म्हणून दिवसभर काठीच आपटायचे बिचारे.

गर्दी होऊ नये म्हणून फाटक,
आणि फाटकापाशी गर्दी.
मी तसं वर लिहून कळवलं.
उत्तर आलं, खडूने वर्तुळं काढा.
काढली.
दुपारपर्यंत चपलांनी पुसली.

परवा खिडकीशी एक गृहस्थ आले, थेटे म्हणून.
मला वाटलं, मीटरची तक्रार.
त्यांनी दुधाच्या पिशवीतून काढली ती पावती
माझ्याच अक्षरातली:
प्रवेश ११.४०. परत १२.५८. दंड रु. ५००.

"तेवढं नाव दुरुस्त करून द्या," म्हणाले.
"तुम्ही मीना लिहिलंय. ती मैना."

आठवली का मला ती?
खोटं कशाला सांगू, नाही आठवली.
नाव मास्कमधून सांगायचं, मास्कमधून ऐकायचं,
मधे सहा फूट, आणि सूचना देत फिरणारी घंटागाडी.
एका वेलांटीचं काय घेऊन बसता, काका,
असं अगदी ओठांवर आलं होतं.

न विचारता ते सांगत राहिले.
कुकरची रिंग आणायला गेली होती.
तीन दुकानं बंद. चौथ्याकडे पाच लिटरची नाही.
अठरा मिनिटं त्यात गेली.
घरी येऊन पाचशेवरून भांडली माझ्याशी,
जशी काही पावती मीच फाडली!
पुढच्या महिन्यात बिटकोला नेली.
"मला आत सोडलं नाही. तिथंही नियम होता.
बरोबरच होता," असंही म्हणाले,
आणि ते 'बरोबरच' काउंटरवर ठेवलं
सुटे पैसे मोजून ठेवावेत तसं.

अठरा मिनिटं मी सोडू शकले असते.
सोडली होती दोघांना, ओळखीच्या.

"दाखल्यावर नाव नीट आहे ना?"
"आहे."
"आधारवर?"
"सगळीकडे आहे."
"मग हे कशाला?"
"त्या कागदांवर ती कधी गेली ते आहे.
यावर ती किती वाजता परत आली, ते आहे."

पावतीत खाडाखोड चालत नाही.
मागे छापलंय तसं, बारीक अक्षरात.
मी वेलांटी खोडली, वर दोन मात्रा दिल्या,
बाजूला सही, तारीख.
शिक्का मारला नळपट्टीचा,
दुसरा नव्हता.

वाकून बघितलं त्यांनी, शाईवर फुंकर घातली.
मास्क नव्हता आता कुणालाच.
जाता जाता म्हणाले, "रिंग अजून चांगली आहे."

मूळ प्रत सुधारली म्हणून स्थळप्रत सुधारत नाही,
सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढं कळतं.
तळघरात सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात
कार्बनच्या निळ्यात
अजून मीनाच आहे ती,
अठरा मिनिटं उशिरा, पाचशे जमा.

किल्ली गायधनींकडे असते.
ते सोमवारी येतात.